स्विफ्ट किती खाली घ्यायची? रोजचं फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव, गाडीत घरची चार माणसं

फुलेवाडीचा_गडी · रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, गाडी २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल, टायर कंपनीचेच १८५/६५ आर १५. गाडीवर लई जीव आहे पण मडगार्ड आणि टायरच्या मधला गॅप काय बघवत नाही, पुढं आडवा हात सहज आत जातो. बरेच दिवस डोक्यात आहे की खाली घ्यायची, आता बोनसचे पैसे बाजूला ठेवलेत. प्रश्न एवढाच की किती? २५ मिमी, ३५, का ५०? रोज फुलेवाडीतून रंकाळ्यावरनं हायवेला आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसी, तेव्हा मी एकटाच असतो. पण महिन्यातनं एक-दोनदा आई-बाबा आणि बायकोला घेऊन गगनबावड्याला गावी जाणं असतं, डिकीत तांदळाचं पोतं वगैरे ठरलेलंच. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ आहे. ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते सांगा, फोटोसाठी केलेलं नको.

इचलकरंजी_एक्स्प्रेस · रात्री ११:०५

भावा सरळ ५० घे. २५ मध्ये तुझ्याशिवाय कुणाला कळणार पण नाही की काय केलंय. माझी पोलो कॉइलओव्हरवर (कॉलर फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकप संच) आहे, पुढं ५०, मागं ४५, टायर मडगार्डच्या कडेला लागून बसलाय, पार्किंगमधनं जाताना मागं वळून बघितलं की समाधान होतं. आणि हायवेला गाडी अशी चिकटून जाते की विचारू नको. ब्रेकरला तिरकी घालायची, सवय होते. गाडी आपली आहे, आपल्याला आवडली पाहिजे, बाकी जग काय म्हणतंय ते सोड.

उद्यमनगर_लेथ · रात्री ११:३०

आधी एक सांग, खाली घेणार कशानं? नुसती स्प्रिंग बदलणार, शॉकपसकट किट बसवणार, का कुणी मेस्त्रीनं "वेढा कापून देतो" म्हटलंय? कितीचा हिशोब त्याच्यावरच आहे. कापणार असशील तर किती हा प्रश्नच नाही, त्याचं उत्तर शून्य.

उजळाईवाडी_०९ · रात्री ११:४८

अण्णा मला पण तेच विचारायचं होतं. आमच्या इकडं एकजण चारी चाकांचं दीड हजारात करून देतो म्हणतोय, प्रत्येकी एक वेढा. नक्की काय वाईट होतं त्यात? स्प्रिंग तीच, लोखंड तेच, थोडी छोटी झाली एवढंच ना?

उद्यमनगर_लेथ · सोमवार, सकाळी ७:१५

एवढंच नाही भावा. जरा सविस्तर लिहितो कारण दर महिन्याला असली एक तरी गाडी आमच्या गल्लीत येते.

स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येवर असतो, वेढे कमी तर स्प्रिंग कडक. काम करणारे सहा वेढे असतील आणि एक कापला तर राहिलेली स्प्रिंग सरळ २० टक्के कडक होते, आणि शॉकप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशोबानं भरलेला, त्याला ती आवरत नाही मग गाडी खड्ड्यानंतर नाचत राहते. हे झालं पहिलं. दुसरं ह्याच्यापेक्षा वाईट. गाडी उभी असताना, म्हणजे वजनाखाली, दोन वेढ्यांत जे अंतर असतं तेवढीच गाडी एका वेढ्यामागं खाली बसते. समजा ते ३० मिमी आहे. पण स्प्रिंग मोकळी असताना तेच अंतर ५५ असतं. म्हणजे गाडी बसली ३० नं, आणि स्प्रिंगची मोकळी लांबी कमी झाली ५५ नं. मधले २५ गेले कुठं? चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबलं की शॉकप तेवढाच लांब होतो पण स्प्रिंग आता तिथंपर्यंत पुरत नाही, ती वाटीतनं सुटी होते आणि परत वर येताना नेमकी जाग्यावर बसेल ह्याची खात्री नाही. करूळ घाटात वळणावर आतलं चाक हलकं झालं आणि तेव्हा स्प्रिंग वाकडी बसली तर काय होईल त्याचा विचार कर.

आणि गॅस कटरनं कापणारे तर अजून भारी. स्प्रिंगच्या तारेला पाणी दिलेलं असतं, ठरावीक तापमानाला ती तयार केलेली असते. कटरची आच लागली की तेवढा भाग मऊ पडतो नाहीतर ठिसूळ होतो, आणि तिथंच पुढं तुटते. दीड हजार रुपये हे स्वस्त नाही.

उजळाईवाडी_०९ · सकाळी ७:४०

बास. कळलं. मी नाही करत.

अलाइनमेंट_ताई · सकाळी ९:२०

आमचं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे, नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. खाली घेतलेल्या गाड्या रोज रॅम्पवर बघते त्यामुळं टायरच्या बाजूनं बोलते.

गाडी खाली घेतली की सगळे कॅम्बर कॅम्बर करतात, म्हणजे समोरनं बघितल्यावर चाकाचा उभा कल. पुढं स्ट्रट (शॉकप आणि स्प्रिंग एकाच खांबात) असलेल्या गाडीत २०-२५ मिमीला कॅम्बर जेमतेम बदलतो, त्यानं टायर लगेच जात नाही. टायर खातो तो टो, म्हणजे वरनं बघितल्यावर चाकं सरळ बघतात का तिरकी. स्टिअरिंगकडनं चाकाला जाणाऱ्या टाय रॉडचा कोन बदलतो, चाकं आत किंवा बाहेर बघायला लागतात, आणि ते जर सेट केलं नाही तर नवीन टायर काही हजार किलोमीटरमध्ये आतल्या कडेनं गुळगुळीत होतो. वरनं बघितलं तर नक्षी दिसते म्हणून मालकाला पत्ता नसतो, आत हात घालून चाचपलं की कळतं. आणि स्विफ्टला मागं टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, तिथं ना कॅम्बर सेट करता येतो ना टो. जे मिळालं ते मिळालं. म्हणून मागं फार खाली जाऊ नये असं माझं मत.

अजून एक. स्प्रिंग बसवल्या बसवल्या अलाइनमेंट करून घरी जायचं नाही. नवीन स्प्रिंग आणि बुश (सांध्यातलं रबर) बसायला काहीशे किलोमीटर लागतात. त्यामुळं आधी टो जवळपास आणून गाडी चालवायची, आणि बसल्यावर परत आणून पक्कं करायचं. लोअर आर्मचे (चाकाला खालनं धरणारा दांडा) बोल्ट पण गाडी चाकांवर उभी असताना पूर्ण आवळायचे, हवेत लटकवून आवळले की बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हे आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या गाड्यांत चुकलेलं असतं.

फुलेवाडीच्या गड्याला माझा प्रश्न: किती खाली घेऊ हे आम्हाला विचारण्याआधी तुझी गाडी चार माणसांत आत्ता किती खाली बसते ते मोजलंस का?

फुलेवाडीचा_गडी · सकाळी ९:५५

नाही ताई, मोजलं नाही. १६३ कंपनीनं दिलंय तेच धरून चाललो होतो. कसं मोजायचं ते सांगा, रविवारी आई-बाबांना बसवून मोजतो.

अलाइनमेंट_ताई · दुपारी १:१०

तो १६३ रिकाम्या गाडीचा आकडा आहे, त्यात तुझे आई-बाबा आणि तांदूळ नाहीत. सपाट फरशीवर उभी कर, टायरमध्ये हवा बरोबर भर. चाकाच्या मध्यापासून, म्हणजे कॅपच्या केंद्रापासून, सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लाव. चारी चाकांचं लिहून ठेव. जमिनीपासून मोजू नको, टायर झिजला की हवा कमी झाली की तो आकडा हलतो. मग सगळी माणसं आणि सामान घालून परत तेच. शिवाय गाडीखाली मधोमध सर्वात खाली काय लोंबतंय, बहुतेक सायलेन्सरचा पाइप असेल, तो जमिनीपासून किती ते रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा. आणि घराजवळचा सगळ्यात वाईट ब्रेकर किती उंच आहे ते. दोन विटा आणि दोरी ताणून मोजता येतो.

इचलकरंजी_एक्स्प्रेस · दुपारी १:३५

ताई एवढं मोजमाप करत बसलं तर गाडी बदलायची वेळ येईल. रेसच्या गाड्या बघा की, सगळ्या जमिनीला टेकलेल्या. गाडी जितकी खाली तितका गुरुत्वमध्य खाली, तितकी वळणात स्थिर. हे तर शाळेतलं विज्ञान आहे.

पन्हाळा_पहाटे · दुपारी २:२०

ह्यावर मी बोलतो कारण मी गाडी दिसण्यासाठी नाही तर वळणांसाठी खाली घेतलीय, वाघबीळच्या पुढचा चढ पहाटे मोकळा मिळाला की दुसरं काही नको असतं मला.

गुरुत्वमध्य खाली येतो हे बरोबर आहे. पण वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि पुढच्या स्ट्रट सस्पेन्शनमध्ये हे रोल सेंटर लोअर आर्मच्या कोनावर ठरतं. कंपनीच्या उंचीला लोअर आर्म बाहेरच्या टोकाला थोडा खाली झुकलेला असतो. गाडी खाली आणली की तो आडवा होतो, अजून आणली की उलटा, बाहेरचं टोक वर. त्यात गुरुत्वमध्य ३० मिमी खाली आला तर रोल सेंटर त्याच्यापेक्षा बरंच जास्त खाली जातं. म्हणजे दोघांमधलं अंतर वाढलं, आणि ज्या तरफेनं गाडी कलते ती लांब झाली. म्हणून फक्त खाली घेतलेली आणि स्प्रिंग तेवढीच मऊ ठेवलेली गाडी वळणात आधीपेक्षा जास्त कलते. हे लोकांना पटत नाही पण रस्त्यावर येतंच. त्यावर उपाय एकतर स्प्रिंग बऱ्यापैकी कडक करणं, नाहीतर बॉल जॉइंट खाली आणणारे वेगळे पार्ट घालणं. रेसच्या गाडीचं सस्पेन्शन त्या उंचीसाठीच बनवलेलं असतं, आर्मचे बिंदूच वेगळे असतात. आपण गाडी खाली आणतो, बिंदू तिथंच राहतात.

आणि ट्रॅक गुळगुळीत असतो. आपल्या मोहितेंच्या रेसिंग ट्रॅकवरच्या कार्टला (छोटी उघडी रेसगाडी) तर सस्पेन्शनच नसतं, फ्रेम पिळली जाते तेवढीच लवचिकता. ती कार्ट गगनबावडा रोडवर आणून बघ म्हटलं तर कोण आणेल का. खडबडीत घाटात वेग ठेवायचा असेल तर चाकाला वर जायला जागा लागते. चाक बंपस्टॉपला (सस्पेन्शन पूर्ण दबलं की अडवणारा ठोकळा) धडकलं की त्या क्षणाला तिथली स्प्रिंग एकदम दगड झाली असं समज, पुढं धडकलं तर गाडी बाहेर जाते, मागं धडकलं तर शेपूट फिरते. माझी २५ आहे, स्प्रिंग आणि शॉकप दोन्ही जोडीचे, ह्यापेक्षा खाली जायची इच्छा होत नाही.

इचलकरंजी_एक्स्प्रेस · दुपारी २:५०

दादा रोल सेंटरचं मला माहीत नव्हतं, वाचतो अजून. पण माझ्या स्प्रिंग कडक आहेत त्यामुळं कलत नाही हे मात्र खरं. बाकी माझा रूट हायवेच आहे आणि मी बहुतेक एकटा असतो. माझ्यासाठी ५० बरोबर आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

मंगळवारपेठ_काका · संध्याकाळी ६:१५

मुलांनो, गाडीत मागं बसणाऱ्याचा पण विचार करा. मला मणक्याचा त्रास आहे. माझ्या पुतण्याच्या गाडीत मी मागं बसलो होतो, दिसायला गाडी अप्रतिम, पण रंकाळा ते कळे येईपर्यंत मला दोनदा थांबवावी लागली. मागचं चाक थेट बंपस्टॉपवर बसलेलं असतं चार माणसांत, मग प्रत्येक खड्डा थेट पाठीला. त्यात ऊस चालू झाला की कळे-साळवण रोडचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर दिवसरात्र, डांबराला दोन खोल चाकोऱ्या आणि मधे उंचवटा, कारची चाकं त्या चाकोरीत आणि पोट त्या उंचवट्यावर. आई-बाबांना घेऊन त्याच रस्त्यानं जाणार आहेस ना बाळा? मग आधी त्यांच्याकडून सुरुवात कर.

फुलेवाडीचा_गडी · संध्याकाळी ६:४०

काका, आईला पण कमरेचा त्रास आहे. हे डोक्यात ठेवतो.

रस्ते_आणि_गटार · रात्री ९:००

मी सिव्हिलचा आहे म्हणून ब्रेकरवर बोलतो. आपल्याकडं नियमात बसणारा ब्रेकर आयआरसी ९९ (इंडियन रोड्स काँग्रेसची नियमावली) प्रमाणं असतो, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंमी, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ नं सगळी वाहनं आरामात जावीत म्हणून तसा आहे. आता गंमत बघा, स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिमी, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेळी त्या गोलाईवर चढलेली असतात. तेव्हा दोन चाकांच्या मधे रस्ता जेवढा वर येतो तो आकडा व्हीलबेसचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे साधारण ४४ मिमी. दहा सेंमीचा ब्रेकर, पण पोटाखाली येतात फक्त ४४ मिमी. असल्या ब्रेकरला ५० नं खाली घेतलेली गाडी पण आरामात जाईल.

पण गल्लीत जो ब्रेकर असतो तो तसा नसतो. रात्रीत कुणीतरी खडी-डांबर टाकून केलेला, रुंदी अर्धा-पाऊण मीटर, उंची वाट्टेल तेवढी. तो अख्खाच्या अख्खा दोन चाकांच्या मधे बसतो. पुढची चाकं उतरली, मागची चढायची आहेत, आणि ब्रेकर पूर्ण उंचीनं पोटाखाली. तिथं त्याची सगळी उंची क्लिअरन्समधनं वजा होते. म्हणून ताईंनी सांगितलं तसं ब्रेकर मोजाच. उंचीइतकाच तो रुंद किती आहे हे पण महत्त्वाचं आहे.

शाहूपुरी_कायदा · रात्री ९:३५

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, आरसीवर उत्पादकानं दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच परत स्पष्ट केलं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गाडी जेवढी टोकाला न्याल तेवढी ती नजरेत येणार. आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दाव्याला अडचण येऊ शकते. कळवायला दहा मिनिटं लागतात, आधीच विचारून घ्या.

सायबर_चौक · रात्री १०:१०

मी वेगळंच सुचवतो, गॅपसाठीच करतोयस तर १६ इंची अलॉय घाल ना? खर्च तेवढाच, सस्पेन्शनला हात नाही.

अलाइनमेंट_ताई · रात्री १०:२५

१६ घातले तरी गॅप तेवढाच राहतो. १८५/६५ आर १५ चा व्यास साधारण ६२१ मिमी, आणि त्याच्या जागी बरोबर बसणारा १९५/५५ आर १६ पण ६२१ च. टायर बाहेरनं तेवढाच, आतलं चाक मोठं आणि रबराची भिंत पातळ. डोळ्याला भरलेलं दिसतं हे खरं, पण आपल्या खड्ड्यांत पातळ भिंत आणि खाली घेतलेली गाडी एकत्र म्हणजे अलॉयची कड वाकलीच म्हणून समज. एकावेळी एकच कर.

फुलेवाडीचा_गडी · पुढचा रविवार, संध्याकाळी ५:५०

मोजलं सगळं. बाबांनी टेप धरला, आई म्हणाली गाडीत बसून नुसतं मोजताय काय, चला कुठंतरी, म्हणून नंतर खरंच गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो.

रिकामी गाडी: चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत पुढं ३८०, मागं ३७५. चार माणसं आणि डिकीत सामान: पुढं ३६८, मागं ३४०. म्हणजे पुढं १२ नं बसली आणि मागं चक्क ३५ नं. एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. मधे सायलेन्सरचा पाइप रिकाम्या गाडीत जमिनीपासून १६२, भरलेल्या गाडीत १३८. आमच्या गल्लीच्या तोंडाचा ब्रेकर ११० उंच, आणि रुंदी साधारण दोन फूट, म्हणजे रस्ते दादांनी सांगितला तोच अख्खा पोटाखाली येणारा प्रकार. म्हणजे आत्ताच भरलेल्या गाडीत फक्त २८ मिमी शिल्लक आहेत!

पन्हाळा_पहाटे · संध्याकाळी ६:२०

एक नंबर मोजलंस. अजून एक गोष्ट राहिली. पुढच्या शॉकपच्या दांड्यावर रबरी बूट असतो, तो वर सरकव, चकचकीत दांड्याला एक झिपटाय बांध आणि खाली शॉकपच्या अंगाला टेकव. बूट परत खाली. मग भरलेली गाडी घेऊन तुझ्या नेहमीच्या वाईट रस्त्यानं नेहमीच्या वेगानं जाऊन ये. शॉकप दबला की झिपटाय वर ढकलला जातो आणि तिथंच राहतो. परत आल्यावर शॉकपच्या अंगापासून झिपटायपर्यंत मोज. तेवढा प्रवास तुझ्या रस्त्यानं वापरला. आणि बंपस्टॉपपर्यंत एकूण किती होता ते आधी मोजून ठेव. ह्याच्याशिवाय "किती खाली" ला खरं उत्तर मिळत नाही.

फुलेवाडीचा_गडी · त्यानंतरचा शनिवार, रात्री ८:३०

केलं दादा. भरलेल्या गाडीत पुढं बंपस्टॉपला टेकायला ५५ मिमी होते, कळे-साळवणच्या पट्ट्यात त्यातले ४६ वापरले गेले. म्हणजे फक्त ९ मिमी राखीव?

उद्यमनगर_लेथ · रात्री ९:१५

हां, आता बोलता येईल. हिशोब मांडतो, चुकलं तर पन्हाळा आणि ताई दुरुस्त करतील.

५० आणि ३५ तर बाजूलाच ठेव, २८ शिल्लक असताना ३५ खाली म्हणजे ब्रेकरवर पाइप घासणार हे टेपनंच सांगितलं. २५ घेतलं तर तीन मिमी, ते पण गाडी न हलता. नको. पण नवीन स्प्रिंग मूळपेक्षा २५ टक्के कडक घेतली तर चार माणसांत गाडी मधे २४ ऐवजी १९ च बसेल, म्हणजे पाच मिमी परत मिळाले. आता पुढं २० आणि मागं १५ घेतलं तर मधे सरासरी साडेसतरा खाली. २८ मधनं साडेसतरा गेले, पाच आले, राहिले पंधराच्या घरात. एवढं हळू चालवत नेणाऱ्याला पुरतं.

आता बंपस्टॉप. पुढं २० खाली म्हणजे ५५ चे राहिले ३५, वर दोन-तीन मिमी कडकपणामुळं. वापर ४६ चा पण कडक स्प्रिंगमुळं कमी होऊन चाळीसच्या आत-बाहेर येईल. म्हणजे सगळ्यात मोठ्या खड्ड्याला बंपस्टॉपला दोन-चार मिमी टेकेल. घाबरू नको, स्विफ्टसारख्या गाडीचा बंपस्टॉप फोमसारखा असतो, हळूहळू कडक होतो, थोडं टेकणं हे त्याचं कामच आहे. अर्धा कापा म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नको, नाहीतर लोखंड लोखंडाला भिडेल.

स्प्रिंग तयार कुठल्या कंपनीची ह्या मापात मिळाली तर बघ. ईबाख, एच अँड आर वगैरेंच्या रस्त्यावरच्या किट बहुतेक २५ ते ३५ च्या पट्ट्यात असतात, ते तुला जास्त होतं. मग तार गुंडाळून मापाची स्प्रिंग करून घ्यावी लागेल. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणं वाढतो, समजा मूळ तार १२ ची असेल तर १२.७ केली की तेवढ्यातच २५ टक्के झाले, वेढे तेवढेच ठेवून. करणाऱ्याला तीन गोष्टी विचार: तार स्प्रिंग स्टीलची आहे का, गुंडाळल्यावर उष्णता देऊन ताण काढला का आणि शॉट पीनिंग (बारीक छर्‍यांचा मारा) केलं का, आणि शेवटी पूर्ण दाबून सोडली का. ती न दाबता दिली की दोन महिन्यांत आपोआप अजून दहा मिमी बसते आणि आपला हा सगळा हिशोब पाण्यात. कुठल्या लोडला किती उंची ते मशीनवर दाबून तुझ्यासमोर दाखव म्हण. जो दाखवत नाही त्याच्याकडं घेऊ नको. आपल्या गावात ओतकाम, मशीनिंग, स्प्रिंग सगळं होतं, चांगली माणसं आहेत, थोडं फिरावं लागेल.

आणि शॉकप. गाडी २०१९ ची, किती चालली? जुने असतील तर कडक स्प्रिंगवर ते टिकणार नाहीत. निदान नवीन घाल, जमलं तर थोडे कडक व्हॉल्व्हिंगचे.

पन्हाळा_पहाटे · रात्री ९:४०

हिशोब बरोबर आहे. मागं पुढच्यापेक्षा कमी खाली घेतलंस हे सगळ्यात चांगलं केलंस, कारण मागं ३५ बसते आणि पुढं १२, दोन्हीकडं सारखं खाली घेतलं असतं तर आई-बाबा बसले की गाडीनं नाक वर केलं असतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात.

इचलकरंजी_एक्स्प्रेस · रात्री १०:०५

२० आणि १५ मध्ये दिसण्यात फार फरक पडणार नाही हे मी परत सांगतो. पण झिपटायचा प्रकार मी उद्याच माझ्या पोलोला करून बघणार आहे. शिरोलीच्या पुलाजवळ एका जॉइंटला पुढं कायम एक ठोका येतो, तो बंपस्टॉपचा आहे का ते बघायचंय. तसं असेल तर कॉलर वर फिरवून दहा मिमी वर घेईन, कॉइलओव्हरचा तेवढा फायदा आहे.

फुलेवाडीचा_गडी · रात्री १०:३०

भावा तुझा झाला की आकडा इथं टाक. माझं ठरलं, पुढं २०, मागं १५. गॅप पूर्ण जाणार नाही, पण पुढचा हात आत जायचा तो जरा अडकेल, आणि गाडी रस्त्यावर जरा बसलेली दिसेल, मला तेवढं पुरे आहे. शॉकप ७० हजार किलोमीटरचे आहेत, चारी नवीन घेतो, म्हणजे बजेटमध्ये अलॉय बसत नाहीत, ते नंतर. अण्णा, स्प्रिंग करणारे दोन-तीन जण बघून येतो, लोड दाखवायला तयार आहेत का ते विचारून मगच मूळ स्प्रिंग काढतो. मूळच्या चारही जपून ठेवणार आहे.

शाहूपुरी_कायदा · रात्री १०:४५

मूळ स्प्रिंग आणि बिलं दोन्ही ठेव. विम्याचं पत्र आधी.

अलाइनमेंट_ताई · रात्री ११:००

बसवायच्या आधी एकदा गाडी घेऊन ये कुठल्याही चांगल्या अलाइनमेंटवाल्याकडं आणि आत्ताचे सगळे आकडे प्रिंट करून घे, मागचे पण. मागचं सेट होत नसलं तरी आधी काय होतं ते माहीत असलं की नंतर बीम वाकलाय का स्प्रिंगमुळं बदललंय ते कळतं. येताना टाकी अर्धी ठेव आणि डिकी रिकामी, आणि नंतरच्या वेळी पण तसंच. बसवल्यावर टो लगेच बघायचा, मग काहीशे किलोमीटर चालव, परत ये. त्याच वेळी हेडलाइटची उंची पण भिंतीवर बघून घ्यायची, तुझ्या गाडीला डॅशवर लेव्हलिंगचं चक्र आहे ते शून्यावर ठेवून. टायर आतल्या कडेनं हातानं चाचपायची सवय लाव, महिन्यातनं एकदा, चारी चाकं.

मंगळवारपेठ_काका · रात्री ११:१०

आणि बसवून झाल्यावर पहिल्यांदा आईला मागं बसवून कळेपर्यंत जाऊन ये बाळा, त्या काय म्हणाल्या ते इथं लिही.